पाणी दिसता कामा नये

सोमवार, ३ सप्टेंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना डेंगी झाला आणि आमच्या इमारतीने काय केलं? धूर मागवला. संध्याकाळी एक माणूस खांद्याला यंत्र लटकवून आला, फाटकापासून जिन्यापर्यंत ढगच ढग केले आणि निघून गेला. लोकांनी आपापल्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या, म्हणजे घरातल्या डासांचीही सोय केली. मग सेक्रेटरी हात झटकत म्हणाले, "चला, झालं एकदाचं!"

काय झालं? कपाळ झालं. धुराने उडते डास मरतात, तेही धुराच्या तावडीत सापडले तर. पाण्यातल्या अळ्यांना वर धूर झाला याचा पत्ताही लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत नवी पलटण तयार. मी हे सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणतात, "मॅडम, लोकांना काहीतरी केल्यासारखं वाटलं पाहिजे ना!"

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते. लाइन मेलेली असली तरी आमच्या काही मुली ग्राहकाला "प्रयत्न चालू आहे" असं गोड आवाजात सांगायच्या. तेव्हा माझं डोकं फिरायचं, तसंच आज फिरलं.

आणि राग नुसता सेक्रेटरींचा नाही. बेबीला डेंगी एकदा होऊन गेलाय. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. सत्तरीला टेकली, पण घरात तिला दुसरं नाव कधी चिकटलंच नाही. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे असते. मागच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "या आजाराचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे सुटलात असं नाही. दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त जिवावर बेतू शकतो. यांना जपा."

मी जपते आहे. बाकीच्या इमारतीला त्याचं काय?

गुरुवार, ६ सप्टेंबर

मीटिंग झाली. मी उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं: धूर बंद, आणि दर रविवारी प्रत्येक घरातलं साठवलेलं पाणी ओतायचं, भांडी घासायची, टाक्या-पिंपं झाकायची. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. घासायलाच हवं. आणि हे झालं की नाही ते कुणीतरी घरोघर जाऊन बघायचं.

"कोण बघणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागून कुणीतरी "मच्छरदाणी" असं पुटपुटलं आणि खसखस पिकली. माझं हे नाव पडलंय ते मला ठाऊक आहे. एक्स्चेंजमध्ये मला "कर्फ्यू" म्हणायचे. त्यामानाने ही बढतीच आहे.

"मी बघेन," म्हटलं.

घरी येऊन बेबीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, लोकांच्या न्हाणीघरात शिरणार तू?"

"जिथे पाणी आहे तिथे शिरणार."

"बरं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माळ्यावर आपला जुना ल्युडो होता ना गं?"

इथे जिवाचा प्रश्न आहे आणि हिला ल्युडो सुचतोय.

रविवार, ९ सप्टेंबर

पहिली तपासणी. काय काय बघितलं ते लिहूनसुद्धा अंगावर काटा येतो. सेक्रेटरींच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या. सेक्रेटरींच्या! त्यांना तो ट्रे असतो हेच माहीत नव्हतं. शिंपीणबाईंच्या फुलदाणीत अळ्या. चौथ्या मजल्यावरच्या तालीमवाल्याच्या बाल्कनीत कुंड्यांखाली बश्या, आणि प्रत्येक बशी भरलेली. गच्चीवर कुणाची तरी ताडपत्री, तिच्या घडीत पाण्याचं तळं. सगळं ओतलं, घासायला लावलं. तालीमवाला एवढा आडदांड माणूस, पण बश्या घासताना त्याचा चेहरा शाळेत उभं केलेल्या पोरासारखा झाला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शेवटी तळमजला. लिफ्टसमोर तो चष्मेवाला राहतो. पूर्वी त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बायको वारल्यावर विकून टाकलं म्हणे. आता दिवसभर दार उघडं टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतो. मला असे हसरे लोक आवडत नाहीत. त्याच्या कट्ट्यावर मातीचं पसरट भांडं, काठोकाठ पाणी.

"हे काय?"

"चिमण्यांसाठी."

"चिमण्यांनी अर्ज केला होता?"

"तोंडी केला होता," तो म्हणाला. "मॅडम, रोज सकाळी घासून नवीन पाणी भरतो मी."

"सगळे हेच सांगतात." मी भांडं उपडं केलं आणि सरळ उचलून वर आणलं. जप्त.

तेवढ्यात हा इसम म्हणतो, "तुमच्या उजव्या काचेवर चरा गेलाय. समोरचं धूसर दिसत असेल. बदलून देऊ का?"

"मला जे बघायचं ते सगळं दिसतं," मी म्हटलं.

मंगळवार, ११ सप्टेंबर

घर आता किल्ला झालं आहे. सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी. मोरीच्या जाळीवर झाकण. बादल्या रात्री उपड्या. बेबीच्या पलंगाला मच्छरदाणी. चार वाजले की मी खिडक्या बंद करते आणि दोन्ही खोल्यांत कॉइल लावते, कारण हा डास दिवसा चावतो, आणि सकाळी व संध्याकाळ व्हायच्या आत त्याचा जोर असतो. अंधारात चावणारे वेगळे. हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला.

बेबीला कॉइलने शिंका येतात. "गुदमरतं गं, ताई. मी जरा खाली बसून येते. लिफ्टपाशी बाक आहे, तिथे हवा असते."

"अर्धा तास. पायांत मोजे घाल."

गेली. जाताना अत्तराचा थेंब लावला. इमारतीच्या खाली बसायला अत्तर कशाला, देव जाणे. ती लहानपणापासून अशीच, नटवी.

गुरुवार, १३ सप्टेंबर

आज खालची लॉबी ताब्यात घेतली. फरशीवर चिखलाचे ठसे, कोपऱ्यात धूळ, लिफ्टच्या दारापाशी सांडलेल्या चहाचा डाग किती दिवसांचा कुणास ठाऊक. सफाईवाल्या बाई एक ओलं फडकं फिरवतात आणि त्याला पुसणं म्हणतात. मला ठाऊक आहे, डेंगीच्या डासाला घाण लागत नाही, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर फरशीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत आम्हांला सोडायच्या नाहीत. शिस्तीची सुरुवात पायाखालून होते, असं त्या म्हणायच्या, आणि ते मला अजून पटतं.

बाईंना बोलावून सांगितलं: रोज सकाळी बादल्या भरून पाणी ओतायचं, खराट्याने घासायचं, वायपरने ओढायचं. फिनेल नाही. त्याच्या वासानेही बेबी शिंकते. साधं, स्वच्छ पाणी. "आणि एक लक्षात ठेवा. तुमचं धुऊन झालं की फरशीवर पाणी दिसता कामा नये. थेंबसुद्धा नाही."

"नाही दिसणार, बाई," त्या म्हणाल्या.

असं साध्या भाषेत सांगितलं की लोक ऐकतात. सेक्रेटरींना हे जमत नाही, कारण त्यांना स्वतःलाच काय हवंय ते माहीत नसतं.

बुधवार, १९ सप्टेंबर

लॉबी आरशासारखी. आज सकाळी मुद्दाम बघायला उतरले तेव्हा धुणं होऊन गेलं होतं. फरशी ठणठणीत कोरडी! सेक्रेटरीसुद्धा म्हणाले, "मॅडम, मानलं तुम्हांला." मी म्हटलं, मानू नका, फ्रिजचा ट्रे घासा.

बेबी आज खालून आली ती गुणगुणत. अर्ध्या तासाचा दीड तास झाला होता. विचारलं, तर म्हणाली, "शिंपीणबाईंच्या सासूबाई पण होत्या बाकावर. गप्पा रंगल्या." मग आपणहून सांगायला लागली की डोळ्याची बाहुली उजेडात लहान का होते. हे शिंपीणबाईंच्या सासूबाईंना कधीपासून कळायला लागलं?

पायाला खाजवत होती. मोजे घातले नव्हते. मी ओरडले. "उकडतं गं," म्हणाली. मी आणखी ओरडले.

रविवार, २३ सप्टेंबर

तपासणी. पाच मजल्यांत एक अळी नाही. एकही नाही! ट्रे कोरडे, बश्या गायब, गच्चीच्या टाकीला घट्ट झाकण. तालीमवाल्याने दार उघडताच सलाम ठोकला.

तरीसुद्धा खाली लिफ्टपाशी उभं राहावत नाही. लिफ्ट यायची वाट बघताना घोट्यांना दोन-तीनदा डास चावले. काळे, पायांवर पांढरे पट्टे. तोच तो हलकट. कुठून येतोय? आजूबाजूला तर पाण्याचा थेंब नाही.

वळून बघितलं, तर चष्मेवाल्याच्या कट्ट्यावर नवीन भांडं! या वेळी स्टीलचं.

माझा तोल गेला. आख्खी इमारत ऐकेल अशा आवाजात मी त्याला सुनावलं. तुमच्या चिमण्यांपायी माणसं मरायला हवीत का? शिकलेले दिसता, लाज कशी वाटत नाही? तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, भांड्याचं राहू दे. त्या लिफ्टकडच्या पाण्याचं मला तुम्हांला जरा—"

"विषय बदलू नका!" मी भांडं उचललं.

घरी आले तर बेबी दारात उभी. खालचं सगळं तिला वर ऐकू आलं होतं. "ते भांडं परत देऊन ये," ती म्हणाली.

"काय?"

"ते रोज घासतात. सकाळी दूध आणायला उतरते तेव्हा मी बघितलंय. तू माणसाला बोलू देत नाहीस, ताई. वाक्य पुरं होऊ देत नाहीस."

अख्ख्या आयुष्यात ती माझ्याशी या आवाजात बोललेली नाही. मी तिच्या भल्यासाठी इमारतीशी वैर घेतलंय आणि ही त्या परक्या माणसाची बाजू घेते! मी भांडं माळ्यावर टाकलं. 

शुक्रवार, २८ सप्टेंबर

शिंपीणबाईंच्या सासूबाईंना ताप. डेंगीच. वरच्या सगळ्या घरांत सगळं कोरडं असताना!

म्हणजे खालीच काहीतरी आहे. चष्मेवाल्याने तिसरं भांडं आत लपवलेलं असणार. बेबीला सांगितलं, खाली बसणं बंद. तरी ती चार वाजता गेली. मी दार अडवून उभी राहायला हवं होतं.

रविवार, ३० सप्टेंबर

बेबीला ताप. अंगाला हात लावला आणि चटका बसला. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते. सांधे दुखतायत.

आज तपासणीला गेले नाही.

सोमवार, १ ऑक्टोबर

रक्ताची तपासणी झाली. डेंगी.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं: तापाला पॅरासिटामॉलच, दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी नको, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. पाणी, सरबत, पेज, जे जाईल ते सतत द्या. लघवी होते का बघा. आणि ताप उतरला की हुरळून जाऊ नका, खरी भीती तेव्हाच असते. पोटात सतत दुखायला लागलं, उलट्या होत राहिल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा फार गळून गेल्या तर एक मिनिट थांबू नका, ॲडमिट करा.

या डासाने आजारी माणसाला चावून दुसऱ्याला चावलं की रोग पुढे जातो. म्हणून बेबी आता दिवसासुद्धा मच्छरदाणीत. आत ती एवढीशी दिसते.

दुपारी बेल वाजली. चष्मेवाला. हातात क्षार-साखरेची पाकिटं आणि मोसंबी. "कशा आहेत त्या?"

"तुमची मेहरबानी," मी म्हटलं आणि दार लावलं.

आतून बेबीने विचारलं, "कोण होतं?"

"सेल्समन."

ती भिंतीकडे तोंड करून निजली.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सकाळी ताप उतरला. कपाळ गार. ती हसली, चहा मागितला. मी देवघरासमोर उभी राहिले आणि रडले, कारण घरात दुसरं कुणी बघायला नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं.

दुपारी पोटात कळा. उलटी. पुन्हा उलटी. ब्रश केला तर पाणी लाल.

मी तिला धरून लिफ्टने खाली आणलं. दार उघडलं, तर समोर चष्मेवाला. एक शब्द न विचारता तो रस्त्यावर धावला, गाडी आणली, पिशवी घेतली, पुढच्या सीटवर बसला. मला तेव्हा भांडायला वेळ नव्हता. बेबी माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणत होती, "ताई, ओरडू नकोस." मी ओरडत नव्हते. ड्रायव्हरला वेगाने चालवायला सांगत होते.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

हॉस्पिटल. सलाईन. प्लेटलेट उतरल्यात, पण डॉक्टर म्हणतात, आकड्यापेक्षा रक्तदाब आणि पोट महत्त्वाचं. दर थोड्या वेळाने नर्स येऊन बघते. मी तिला विचारते, ती "ठीक आहे" म्हणते. तेच ते "प्रयत्न चालू आहे". मी तिला तसं म्हणाले नाही. 

चष्मेवाला बाहेरच्या बाकड्यावर बसून आहे. घरी जा म्हटलं तर जात नाही. अपराधी मन, दुसरं काय! बसू दे. माझ्यासाठी चहा आणून ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. चहा मी पिते. चहाने काही गुन्हा केलेला नाही.

संध्याकाळी नर्सने त्याला दोन मिनिटं आत सोडलं. बेबीने डोळे उघडले, त्याला बघितलं आणि तिचा चेहरा असा काही झाला, की मी उठून उशीचा अभ्रा नीट करायला लागले. ताप डोक्यात गेला असावा.

शनिवार, ६ ऑक्टोबर

सकाळी बेबीचे कपडे न्यायला घरी आले. लॉबीत सफाईवाल्या बाई फरशी धुवत होत्या. माझा हुकूम. पहिल्यांदाच मी तो अमलात येताना बघत होते. आजवर नेहमी धुणं झाल्यावर यायचे.

त्यांनी बादली ओतली. खराटा मारला. मग वायपर घेतला आणि सगळं पाणी एका दमात लिफ्टच्या दाराकडे ढकललं. पाणी दाराच्या खालच्या फटीत शिरलं आणि गडप झालं. दुसरी बादली. गडप. फरशी कोरडी, आरशासारखी.

"बाई," मी म्हटलं, "हे पाणी जातं कुठे?"

"खाली जातं की."

"खाली कुठे?"

"आता खाली म्हणजे खाली. तुम्हीच म्हणालात ना, पाणी दिसता कामा नये!"

लिफ्टच्या मेकॅनिकला मी फोन करून फरफटत आणलं म्हटलं तरी चालेल. तो म्हणत होता सोमवारी येतो. त्याला माझा एक्स्चेंजचा आवाज ऐकवला. लिफ्ट वर अडवून त्याने खालचं दार उघडलं. लिफ्टच्या खाली खड्डा असतो. मी वाकून टॉर्च मारला.

गुडघाभर पाणी. स्वच्छ. नितळ. आणि त्यात अळ्या वळवळत होत्या, इतक्या, की पाणीच वळवळतंय असं वाटावं. उघडल्या दारातून डासांचा थवा माझ्या तोंडावर आला.

सेक्रेटरींना झापलं. मेकॅनिकला झापलं, की दर महिन्याला सर्व्हिसिंगला येऊन काय बघता? त्याने पंप लावून खड्डा उपसला, तळ घासला. औषध टाकायला महापालिकेचा माणूस येणार आहे. बाईंना मात्र मी काही बोलू शकले नाही. त्या भेदरून उभ्या होत्या. त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं. अगदी चोख.

खड्ड्याच्या तळातून मेकॅनिकने फटीतून पडलेल्या वस्तू काढून फरशीवर ठेवल्या. एक किल्ली, कुणाचं तरी बटण, एक पिवळी सोंगटी.

ल्युडोची. आमच्या ल्युडोची, तिच्या टोकाला बेबीने लहानपणी चावल्याची खूण आहे. ती नेहमी पिवळ्याच घ्यायची. दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही.

लिफ्टसमोर बाक. बाकासमोर त्याचं दार. दोघं तिथे रोज चारला बसून ल्युडो खेळत होती. पायाशी फट, फटीखाली माझं पाणी. आणि चारला ती खाली का जायची, तर माझ्या कॉइलमुळे.

सोंगटी धुतली. तीनदा.

सोमवार, ८ ऑक्टोबर

पोट दुखायचं थांबलं. रक्तदाब सावरला. प्लेटलेट चढायला लागल्यात. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी त्यांना म्हटलं, आधी हसला असतात तर काय बिघडलं असतं? त्यावर ते आणखी हसले.

दुपारी बेबी म्हणाली, "सापडलं का पाणी?"

"सापडलं. लिफ्टच्या खाली."

"हं." ती छताकडे बघत होती. "मला वाटायचंच. रोज एवढं पाणी आत ढकलायच्या त्या."

"तुला दिसत होतं?"

"समोर राहणाऱ्या चष्मेवाल्यांनाही दिसत होतं. त्यांनी तुला सांगायचा प्रयत्न केला."

"आणि तू? तू का नाही सांगितलंस? तुझ्या जिवावर बेतलं होतं, मूर्ख मुली!"

तिने माझा हात हातात घेतला. तिचा सुई टोचलेला हात, त्यामुळे मला माझा ओढून घेता येईना. "ताई," ती म्हणाली, "तुला कोण सांगणार?"

मी तिला रागावणार होते. तिचं पांघरूण नीट केलं.

रविवार, १४ ऑक्टोबर

बेबी घरी आली. लॉबी आता नुसती पुसली जाते, घट्ट पिळलेल्या फडक्याने. लिफ्टच्या उंबऱ्याला मेकॅनिकने उंच पट्टी बसवली. खड्डा दर आठवड्याला उघडून बघायचा, असं मी सेक्रेटरींकडून कबूल करून घेतलं. शिंपीणबाईंच्या सासूबाई बऱ्या आहेत आणि जास्त मीठ घातलं म्हणून सुनेवर ओरडतात, म्हणजे पूर्ण बऱ्या.

माळ्यावरून दोन्ही भांडी काढली, घासली आणि खाली नेऊन कट्ट्यावर ठेवली. त्याचं दार बंद होतं. बरंच झालं.

शनिवार, २० ऑक्टोबर

जेवताना बेबी म्हणाली, "मी खाली राहायला जाणार आहे."

"बाकावर?"

"त्यांच्याकडे."

या वयात? लोक काय म्हणतील? सत्तरीला आलेली बाई! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली! आणि तो माणूस, चिमण्यांशी बोलणारा! मी हे सगळं बोलले, याहून जास्त बोलले. ती जेवत राहिली. मी दमल्यावर म्हणाली, "झालं वाक्य पुरं?"

"झालं."

"मग भात वाढू?"

मी इतक्या डासांशी लढले ते हिला माझ्याकडे ठेवण्यासाठी. आणि ती चालली दोन जिने खाली. डासापायी गेली असती तर निदान कुणाला तरी दोष देता आला असता.

हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही. राग आला होता, आणि लिहिलं.

रविवार, २१ ऑक्टोबर

तपासणीचा दिवस. वरून सुरुवात केली नाही. सरळ तळमजल्यावर गेले. टॉर्च होता, आणि शिवणाच्या डब्यातली टेप.

त्यांनी दार उघडलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, धास्ती होती. मी आत शिरले. मोरी बघितली: कोरडी. फ्रिजचा ट्रे ओढून बघितला: स्वच्छ, घासलेला. कुंडी नाही, फुलदाणी नाही. पिंपाला घट्ट झाकण. त्या घरात दोष काढायला काही सापडेना, आणि मला आणखी राग आला. मग खिडक्या दिसल्या. तीन खिडक्या, आणि एकीलाही जाळी नाही!

"हे काय?" मी म्हटलं. "हे असं उघडं?"

"चिमण्या आत येतात," ते म्हणाले.

"चिमण्यांना बाहेर बसायला सांगा. खिडक्यांना बारीक जाळी बसवायची, तिन्ही खिडक्यांना, दाराला वेगळी. घट्ट चौकटीची, नुसती चिकटवलेली नाही. जाळ्या बसल्याशिवाय माझी बहीण इथे राहायला येणार नाही."

ते मग हळूच म्हणाले, "आणि बसल्यावर?"

"आधी बसवा. माप घेते."

मी टेप खिडकीला लावली. आकडा वाचायला गेले, तर काही दिसेना. पुसट, हलतं, पाण्यातून बघितल्यासारखं. त्या चऱ्यामुळे असेल. मी टेप पुढे केली, मागे केली.

त्यांनी नुसता हात पुढे केला.

मी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.